तारीखताईंचा लपलेला रकाना

आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा, "काम कधी होईल?" उत्तर ठरलेलं: "दोन दिवस." काम सुरू झालेलं नसलं तरी दोन दिवस, अर्धं झालं असलं तरी दोन दिवस, आणि संपलं म्हणता म्हणता काहीतरी फुटलं की पुन्हा दोन दिवस. मी तिथे टेस्टर होतो, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार घेत होतो, आणि मीसुद्धा दोनच दिवस सांगायचो. तीन म्हटलं की साहेब "का?" विचारायचे. दोनला कुणी का विचारत नाही.

आमची कंपनी रांगेचं सॉफ्टवेअर बनवायची. दवाखान्यात किंवा पोस्टात तुम्ही बटण दाबून नंबराची चिठ्ठी घेता आणि भिंतीवरचा फलक सांगतो, 'तुमचा नंबर अंदाजे बारा मिनिटांनी'. ती बारा मिनिटं काढणारे आम्ही. साऱ्या जगाला किती थांबावं लागेल ते सांगायचं, आणि आपलं स्वतःचं काम कधी संपणार याचा पत्ता नाही. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात; आमच्याकडे तो चौदा टेबलांना सारखा वाटून दिला होता.

त्यातलं खिडकीजवळचं टेबल ताईंचं; 'तारीखताई' हे नाव त्यांना पुढे पडलं. दुपारी तीन ते चार तिथे ऊन यायचं आणि स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसायचं नाही, म्हणून ते टेबल कुणाला नको होतं. ताई बावीस वर्षांपूर्वी टायपिस्ट म्हणून लागल्या. टायपिंग संपलं तेव्हा त्यांच्याकडे कपाटाच्या किल्ल्या आल्या, मग बैठकीची टिपणं आली. ऑफिसात नकोशी गोष्ट उतारावरच्या पाण्यासारखी खाली खाली येते, ती ताईंच्या टेबलाशी येऊन थांबायची. बुटक्या इतक्या की खुर्चीत पाय जमिनीला टेकायचे नाहीत. पायांखाली जुन्या प्रिंटरची दोन जाडजूड माहितीपुस्तकं. आवाज मऊ, प्रश्न मात्र सुईसारखे.

एक दिवस साहेबांनी काम कधी संपेल याचा अंदाज सांगणारं सॉफ्टवेअर विकत आणलं. ते प्रत्येक कामासाठी तीन आकडे मागायचं: सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, नेहमीसारखं झालं तर किती, आणि सगळंच फिसकटलं तर किती. मग तो अख्खा प्रोजेक्ट ते पोटातल्या पोटात दहा हजार वेळा करून बघायचं आणि सांगायचं, अमुक तारखेपर्यंत संपण्याची शक्यता शंभरात ऐंशी. तेरा जणांकडून आकडे गोळा करणार कोण? पाणी उतारावरून निघालं आणि ताईंच्या पायांशी येऊन थांबलं.

पहिल्या प्रोजेक्टला सॉफ्टवेअर म्हणालं, सोळा तारीख. साहेबांनी गिऱ्हाइकाला सोळा तारीख कळवली. काम संपलं त्यानंतर अडीच महिन्यांनी. दुसऱ्या प्रोजेक्टला तेच, तिसऱ्याला जरा जास्तच. ऑफिसने सॉफ्टवेअरचं नाव 'पोपट' ठेवलं. एक तर ते पढवाल तेच बोलायचं, आणि दुसरं म्हणजे ते बोललं की आमचा व्हायचा.

"फेकून द्या ते!" साहेब भर बैठकीत म्हणाले.

"त्याचा काय दोष साहेब?" ताई म्हणाल्या. "आपण थापा मारतो, ते बिचारं खरं मानतं. दहा हजार वेळा थाप उकळली तरी तिचं खरं होत नाही."

साहेब म्हणाले, "बरं बरं, पाच मिनिटांत आलो," आणि गेले. आले ते जेवून.

त्याच आठवड्यात ताईंच्या घरचा न्हाणीघरातला नळ गळायला लागला. ताईंचे 'अहो' लिफ्टचे मेकॅनिक. दहा मजल्यांची लिफ्ट खोलून जोडणारा माणूस, नळापुढे काय अडणार? "अर्ध्या तासाचं काम," असं म्हणून त्यांनी पान्हा काढला. ताईंनी मुलीला हाक मारली, "सगळ्या बादल्या भरून ठेव गं. चार दिवस पाणी बंद."

"आई, बाबा अर्धा तास म्हणालेत."

"म्हणूनच."

नळ बरोबर चौथ्या दिवशी, मेकॅनिकच्या एका दूरच्या मित्राने बसवला. ताईंनी ही गोष्ट मला स्वतः सांगितली आहे, अगदी चहा ढवळत. एकतीस वर्षं त्या नवऱ्याचे अंदाज ऐकत होत्या आणि मनात हिशेब लावत होत्या. सासूबाईंचं उलटं होतं. त्या "आता मी दोन दिवसांची सोबतीण" असं म्हणायला लागल्या त्याला अठरा वर्षं होऊन गेली होती, आणि अजून त्या सकाळी सगळ्यांच्या आधी पेपर पटकावायच्या. मुलगी "निघालेच" म्हणाली की ती अजून केस धुतेय असं समजायचं. घरात प्रत्येकजण चुकायचा, पण प्रत्येकाची चूक आपापल्या मापाची, आणि ते माप वर्षानुवर्षं तसंच. "नवऱ्याच्या शब्दाला कशाने गुणायचं ते मला पाठ आहे," ताई म्हणाल्या, "मग म्हटलं, ऑफिसातल्या तेरा जणांचं पाठ करायला काय हरकत आहे?"

त्यांनी सहा वर्षांची जुनी टिपणं काढली. कोण काय बोललं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, ते समोरासमोर मांडलं. दुपारी तीन ते चार, ऊन आल्यावर, स्क्रीन दिसत नसताना त्या हे वहीत करायच्या; आम्हाला वाटायचं, विणकामाचे टाके मोजतायत. महिनाभरात प्रत्येकाचा आकडा निघाला. मग त्यांनी पोपटाच्या तक्त्यात एक नवा रकाना घातला, प्रत्येकाचा अंदाज त्या आकड्याने गुणला जाईल अशी सोय केली आणि रकाना लपवून ठेवला. त्यांनी रकान्याला नाव दिलं होतं 'स्वभाव'.

पुढचा प्रोजेक्ट पोपटाने सांगितलेल्या दिवशी संपला. आम्हाला वाटलं, योगायोग. त्यापुढचा एक दिवस आधी संपला. तिसरा पुन्हा त्याच दिवशी, दुपारी चार वाजता. साहेबांची छाती फुगली. ते फोनवर सांगायला लागले, "आमच्याकडे शास्त्रीय पद्धतीने चालतं सगळं." ताई मात्र साहेब 'शास्त्रीय' म्हणाले की चष्मा पुसायच्या.

मग आलं मोठं काम. एका मोठ्या हॉस्पिटलच्या सगळ्या विभागांना रांगेची यंत्रणा बसवायची होती. हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरबाई स्वतः आमच्याकडे आल्या. उंच, केस बारीक कापलेले, आणि समोरच्याकडे एक्स-रे बघितल्यासारखं बघायची सवय. साहेबांनी सगळ्या ऑफिसला बैठकीच्या खोलीत बसवलं. ताईंना मागच्या रांगेत जागा मिळाली, प्रिंटरशेजारी. पोपट भिंतीवर झळकला आणि त्याने तारीख दाखवली: सात महिन्यांनंतरची अकरा.

"सात महिने?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमची माणसं तर साडेतीन म्हणत होती. ही तारीख आली कुठून ते दाखवा."

"आत्ता दाखवतो," साहेब म्हणाले आणि स्वतः माउस हातात घेतला. इतकी वर्षं त्यांनी पोपटाला हात लावला नव्हता. मागून ताई म्हणाल्या, "साहेब, मी येऊ का?" साहेबांनी हातानेच बसा म्हटलं. इकडे टिचकी मारली, तिकडे टिचकी मारली, आणि जिथे 'सगळं दाखवा' असं लिहिलं होतं तिथे मारली.

भिंतीवर सहा फूट उंचीचा 'स्वभाव' अवतरला.

पहिली ओळ आमच्या दाढीवाल्या प्रोग्रामरची. आकडा साडेपाच. पुढे ताईंच्या हातची नोंद: 'झालंच म्हणाला, तर सुरू केलेलं नाही. झालं की म्हणाला, तर निम्मं. गप्प बसला, तर खरंच झालं.' त्याखाली मी. आकडा दोन पूर्णांक चार, 'काम चांगलं, पण चहाला नाही म्हणता येत नाही'. मी हातातला कप हळूच खुर्चीखाली ठेवला.

डॉक्टरबाईंनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बाकी कुणाची काय हिंमत! डेटाबेसवाल्यापाशी त्या थांबल्या: 'दोन. खोटं बोलत नाही, पण घरी जुळी मुलं आहेत'. मग आली आमची डिझायनर. पोरगी कामाला नेहमी सगळ्यांपेक्षा जास्त दिवस सांगायची, म्हणून तिला सगळे 'कासव' म्हणायचे. तिचा आकडा होता शून्य पूर्णांक सात. 'घाबरून जास्त सांगते. इथली सगळ्यात चपळ हीच. कुणाला ठाऊक नाही, तिलाही नाही.' सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती कानापर्यंत लाल झाली.

साहेबांना माउसवरचा हात काढावा की ठेवावा ते कळेना. तेवढ्यात डॉक्टरबाई पुढच्या ओळीवर पोचल्या. "साहेब. सव्वाचार. 'पाच मिनिटांत आलो म्हणजे जेवून येतात. छोटीशी बैठक म्हणजे खुर्चीला उशी घेऊन जावी.'"

दाढीवाला फुस्सकन हसला. मग डेटाबेसवाला, मग मी, आणि मग सगळं धरणच फुटलं. साहेब भिंतीकडे बघत होते, जणू भिंत त्यांच्या पगारावर आहे आणि तरी फितूर झाली.

"शेवटची ओळ कुणाची?" डॉक्टरबाईंनी विचारलं आणि स्वतःच वाचली. "'हॉस्पिटल. तीन पूर्णांक आठ. शेवटचा बदल म्हणतात तो शेवटून पाचवा असतो.'"

हसणं विजेचा दिवा जावा तसं गेलं. साहेबांनी डोळे मिटले. काम हातचं गेलं, असं आम्ही सगळ्यांनी मनात धरलं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला.

"हे कुणी लिहिलंय?"

प्रिंटरशेजारी एक हात वर झाला. पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबकळत होते, कारण माहितीपुस्तकं टेबलाखालीच राहिली होती.

"हा तीन पूर्णांक आठ कुठून काढलात?"

"तुमच्या नेत्रविभागाचं छोटं काम केलं होतं दोन वर्षांपूर्वी," ताई म्हणाल्या. "त्यात एकोणीस शेवटचे बदल होते. मी पत्रं जपून ठेवलीत."

डॉक्टरबाईंनी बोटांवर हिशेब केला. "एकोणीस नव्हेत," त्या म्हणाल्या, "बावीस. तीन मी फोनवर सांगितले होते." आणि पर्स उचलत साहेबांना म्हणाल्या, "अकरा तारीख मान्य. आजवर मला खरी वाटलेली ही पहिलीच तारीख."

काम मिळालं, पण साहेबांचा सव्वाचार काही पुसला गेला नाही. दुसऱ्या दिवशी ताईंना बोलावणं आलं. "माणसांना असे गुणाकार लावणं शोभत नाही. रकाना काढून टाका." ताईंनी मान डोलावली आणि रकाना काढला. त्यांनी मला नंतर सांगितलं की त्या दिवशी त्या खरोखर हिरमुसल्या होत्या. साहेबांच्या बोलण्याने नाही. दाढीवाला सकाळी जिन्यात भेटला आणि तोंड फिरवून गेला, त्याने. त्याला नोकरी लागली तेव्हा पहिलं नेमणूकपत्र ताईंनी टाईप केलं होतं.

खरा गोंधळ पुढेच होता. आठवडाभरात एकेक जण ताईंच्या टेबलाशी रेंगाळायला लागला. "ताई, माझा आकडा जरा कमी नाही का होणार?" दाढीवालाही आला, पाचव्या दिवशी.

"ताई, साडेपाच जरा जास्तच होतं."

"मलाही वाटलं होतं. पण पावणेसहाचे मी पाव कमी केले. तुझ्या लग्नाचं वर्ष होतं ना ते."

तो जरा घुटमळला. "घरी बायकोला सांगू नका."

"तिनेच तर फोन केला होता," ताई म्हणाल्या. "सात वाजता येतो म्हणालास, तर ताट किती वाजता वाढू, म्हणून."

"मग?"

"मी काही आकडा दिला नाही. म्हटलं, आधी तू जेवून घे."

पण आकडा कळला की माणूस बिघडतो. दाढीवाला आता दोन दिवसांच्या कामाला अकरा दिवस सांगायला लागला, आणि अकरा दिवस सांगितलेत म्हणून पहिले आठ निवांत काढायला लागला. मी चहा सोडला, त्यामुळे डोकं चालेना आणि दोन पूर्णांक चारचे तीन झाले. कासव उलट कमी सांगू लागली आणि रडकुंडीला येऊन ते पुरं करू लागली. कुणाच्याच बोलण्याला माप उरलं नाही. सहा वर्षांची टिपणं रद्दीच्या भावाची झाली, आणि हॉस्पिटलची तारीख डोक्यावर. पोपटाला विचारलं तर कधी तीन महिने सांगायचा, कधी चौदा.

ताई दोन दिवस काहीच करेनात. टेबलाशी हनुवटीला हात लावून बसून राहायच्या. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दाढीवाला डेटाबेसवाल्याबद्दल कुरकुरत होता, "दहा दिवस म्हणतोय तो! लिहून ठेवा, एकवीस दिवस लागतील. मंगळवारी त्याच्या पोरांचा दवाखाना असतो, आणि जुना कोड त्याने अजून उघडूनही पाहिला नाही." पलीकडच्या टेबलावर डेटाबेसवाला मला दाढीवाल्याबद्दल तसंच, दिवसांच्या हिशेबासकट सांगत होता. ताई मध्ये बसून डबा खात होत्या. घास तोंडात तसाच राहिला.

दुपारी प्रत्येकाच्या टेबलावर एक कागद आला. त्यावर तेच तीन प्रश्न: सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, फिसकटलं तर. फक्त काम आपलं नाही, शेजाऱ्याचं.

"हे काय ताई? मला काय माहीत त्याचं?" मी विचारलं.

"स्वतःचं तर तुला त्याहून माहीत नाही," त्या म्हणाल्या. "स्वतःबद्दल माणूस आशेवर बोलतो, दुसऱ्याबद्दल अनुभवावर. भर."

मी भरायला बसलो तर काय सांगू, हात थांबेना. शेजाऱ्याचं काम कुठे अडेल, कुणाच्या परवानगीला किती दिवस जातील, तो कुठल्या दिवशी लवकर पळतो, सगळं मला ठाऊक होतं. इतक्या आनंदाने ऑफिसात कुणी कधी कागद भरले नसतील. साहेबांना वाटलं, आता आपण सगळ्यांचं भरायचं. ते पेन उघडून बसलेसुद्धा.

"आणि माझं कोण भरणार?" त्यांनी सहज विचारलं.

"ते झालं कालच," ताई म्हणाल्या. "तुमच्या घरी, बाईसाहेबांना फोन केला होता."

साहेबांनी पेन बंद केलं. बाईसाहेबांनी काय आकडे दिले ते ताईंनी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. पण त्या महिन्यापासून साहेबांच्या सह्या वेळेवर मिळायला लागल्या.

हॉस्पिटलचे आकडेही आमच्यापैकी कुणी भरले नाहीत. ते ताईंनी तिथल्या केसपेपर काढणाऱ्या बाईंना विचारून आणले. पोपटाने नवी तारीख दिली: त्याच महिन्याची नऊ. काम संपलं आठ तारखेच्या संध्याकाळी. अकराला सगळे फलक लागले, नंबर सुरू झाले आणि डॉक्टरबाईंनी स्वतः फोन करून एक शेवटचा बदल सांगितला.

त्यानंतर ताई दोन वर्षं होत्या. पोपट कासवाला शिकवला तो त्यांनीच. स्वतःचं टेबल सोडून तिच्या टेबलाशी खुर्ची नेऊन बसायच्या. आता तिला कासव कुणी म्हणत नाही. जास्त दिवस सांगितले की लोक तिला "शून्य पूर्णांक सातावर आण की" म्हणतात, आणि ती हसून "नाही आणत" म्हणते. दाढीवाला आणि ताई कधी बोलायला लागले ते मला नक्की सांगता येणार नाही, पण ताईंची शेवटची दोन वर्षं तोच त्यांना बसथांब्यापर्यंत स्कूटरवर सोडायचा. निघायचा मात्र 'दोन मिनिटांत' म्हणून वीस मिनिटांनी. ताई तोवर पुस्तक वाचत बसायच्या. त्याच्यासाठी म्हणून त्यांनी जाडं पुस्तक निवडलं होतं.

निवृत्तीच्या दिवशी बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. 'अहो' आले होते, मुलगी आली होती, वेळेवर, म्हणजे तिच्या मानाने फारच लवकर. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "मी दोनच शब्द बोलणार आहे."

खुर्च्यांच्या रांगांतून एक डबा फिरायला लागला. ताईंनीच सोडला होता. आत कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिलीचा तुकडा. साहेब किती मिनिटं बोलतील ते लिहायचं. डबा हळूहळू, न वाजता, पुढच्या रांगेत पोचला. साहेब बोलत होते: बावीस वर्षं कशी गेली, मग चोवीस झाली, टायपिंगचा खडखडाट, किल्ल्यांचा जुडगा. बोलता बोलता त्यांनी डबा पाहिला. थांबले. पुढच्या खुर्चीवरच्या डेटाबेसवाल्याकडून तो घेतला, आत डोकावून चिठ्ठ्या पाहिल्या आणि गालातल्या गालात हसले. मग खिशातून पेन काढून एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, घडी घालून आत टाकली आणि भाषण पुढे सुरू केलं.

ते चाळीस मिनिटं बोलले. त्यांच्या चिठ्ठीवर एकोणचाळीस होतं. सगळ्यांत जवळचा अंदाज त्यांचाच निघाला, आणि ताई इतक्या हसल्या की मुलीला त्यांच्या पाठीवर थोपटावं लागलं.